वही माझी, मार्क झेरॉक्सवालीला

"मॅडम, मी बी.एस्सी. नर्सिंगच्या दुसऱ्या सेमिस्टरला आहे. घरी आम्ही तेलुगू बोलतो, दहावीपर्यंत मराठी माध्यम होतं, कॉलेजात सगळं इंग्रजी. बाबा यंत्रमागावर आहेत, आई विड्या वळते. माझ्या नोट्स वर्गात सगळ्यांत चांगल्या आहेत असं मॅमसुद्धा म्हणतात. परीक्षेच्या आधी मुली माझी वही झेरॉक्सला नेतात. पण सेशनलला मी कशीबशी पास झाले आणि माझी वही नेणाऱ्या दोघींना माझ्यापेक्षा जास्त मार्क पडले. मी रोज रात्री एक वाजेपर्यंत बसून वही फेअर करते. अजून काय करू? टॅब घ्यावा का? वही देणं बंद करू का? कृपया नाव छापू नका. – पूर्व भागातली एक मुलगी, सोलापूर"

झेरॉक्सची ओळ वाचून मला आधी हसू आलं. मग माझाच एक जुना वर्ग आठवला आणि ते हसू गेलं.

मी तुमच्याच भागातल्या एका शाळेत नववी-दहावीला विज्ञान शिकवायचे. माझ्याकडे नोट्सचा एक गठ्ठा होता, कडा पिवळ्या पडलेला. तास सुरू झाला की 'लिहून घ्या' म्हणायचं आणि सांगत सुटायचं. मुलं माना खाली घालून लिहायची. वर्ग शांत, त्यामुळे मुख्याध्यापक खूश. एकदा रक्ताभिसरण सांगताना माझी जीभ घसरली. फुप्फुस धमनीतून ऑक्सिजनयुक्त रक्त वाहतं, असं मी सांगून गेले. खरं तर इतर धमन्यांच्या उलट तिच्यातून ऑक्सिजन कमी असलेलं रक्त फुप्फुसांकडे जातं, तीच तर तिची गंमत. साठ मुलांनी माझी चूक जशीच्या तशी उतरवली आणि चाचणीत बहुतेकांनी तीच लिहिली. त्याच वहीत दोन पानं आधी त्यांनी स्वतः काढलेली हृदयाची आकृती होती आणि तिच्यात ती नळी निळ्या पेन्सिलीने रंगवलेली होती. 'बाई, मग ही निळी कशी?' असं एकानेही विचारलं नाही. चूक माझीच. पण ती साठ जणांच्या कानांतून शिरून हातांतून कागदावर गेली आणि वाटेत कुणाच्याच डोक्यात थांबली नाही, याचं मला आजही वाईट वाटतं. तशा वह्या लिहायला त्यांना मीच शिकवलं होतं.

तू तेच करते आहेस. अक्षर त्यांच्यापेक्षा फार सुंदर आहे, एवढंच.

पत्रासोबत तू दोन पानांचे फोटो पाठवलेस. त्यातलं ओआरएसचं पान घेऊ. लाल शाईचं शीर्षक, खाली दोन रेघा, चौकटीत आकडे: सोडियम क्लोराइड २.६ ग्रॅम, ग्लुकोज १३.५, पोटॅशियम क्लोराइड १.५, ट्रायसोडियम सायट्रेट २.९. एकूण २०.५ ग्रॅम, एक लिटर पाण्यात. ऑस्मोलॅरिटी (म्हणजे पाण्यात विरघळलेल्या कणांचं प्रमाण) २४५. सगळं बरोबर आहे, मी बेरीजसुद्धा करून पाहिली. चौकटीला पिवळा हायलायटर, त्यावरून परत हिरवा. (पिवळ्यावर हिरवा का, ते मला कळलं नाही. नवी पेठेत अख्खा सेट मिळाला असावा.)

आता वही न उघडता सांग: जुलाब होणाऱ्या माणसाला द्यायच्या पाण्यात ग्लुकोज कशाला?

'ताकद यावी म्हणून' असं मनात आलं असेल तर लाजू नकोस. मे महिन्यात ४३ अंशांच्या उन्हातून आलेल्या माणसाला आपण ग्लुकोजचं पाणी देतो ते ताकदीसाठीच, असंच सगळे धरून चालतात. पण ओआरएसमध्ये त्याचं मुख्य काम वेगळं आहे. लहान आतड्याच्या पेशींवर एक वाहक असतो. तो सोडियम आणि ग्लुकोज या दोघांना जोडीनेच आत घेतो. ग्लुकोज सोबत नसेल तर त्या दारातून सोडियमला प्रवेश नाही. दोघं आत गेले की त्यांच्यामागून पाणी जातं. कॉलऱ्यातसुद्धा हे दार शाबूत राहतं, म्हणून तर शिरेत सुई न घालता, नुसतं तोंडाने पाजून माणूस वाचतो. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या, पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या छावणीत सलाइन पुरेना, तेव्हा डॉ. दिलीप महालनोबिस यांनी मीठ-ग्लुकोजचं पाणी पिंपांत कालवून वाटलं आणि मृत्यूंचं प्रमाण झपाट्याने खाली आलं.

पुढचा प्रश्न. घरातल्या कुणी मायेपोटी त्यात दोन चमचे साखर जास्त घातली तर? द्रावण घट्ट होतं, आतडं उलट शरीरातलंच पाणी ओढून घेतं आणि जुलाब वाढतात. पूर्वीच्या सूत्रात लिटरला २० ग्रॅम ग्लुकोज होतं आणि ऑस्मोलॅरिटी ३११ होती; ती २४५ वर आणली त्यामागे हाच विचार होता. आता १३.५ हा आकडा तुला कमी घोकावा लागेल, कारण तो वाढला तर काय बिघडतं हे तुला कळलंय.

तुझ्या पानावर 'कशाला' आणि 'जास्त झालं तर' हे दोन प्रश्न नाहीत. पेपरात मात्र नेमकं तेच विचारतात. आणि उद्या एखाद्या लेकराची आजी वॉर्डात तुला तेच विचारणार आहे.

त्या दोघींबद्दल. त्यांची बाजू मी ऐकलेली नाही, तेव्हा हा माझा अंदाज समज. तुझे रोजचे तीन तास वही सजवण्यात जातात, त्यांचे जात नाहीत. शिवाय दुसऱ्याच्या वहीतलं सगळंच चटकन लागत नाही. मग एक दुसरीला विचारते, 'ए, हे काय लिहिलंय गं? हा बाण इकडे का?' म्हणजे तुझ्या वहीवर त्यांना प्रश्न पडले आणि तुला पडले नाहीत. फेअर करताना हात चालत असतो, डोळे मिटत असतात आणि सकाळी मात्र वाटतं की काल केवढा अभ्यास झाला!

हे वाटणं फार फसवं असतं. २००६ साली अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिकी या दोघांनी विद्यार्थ्यांना छोटे उतारे वाचायला दिले. मग काहींना तोच उतारा परत वाचायला सांगितला, तर काहींना तो बाजूला ठेवून आठवेल तेवढं लिहून काढायला सांगितलं. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा परत वाचणारे पुढे होते: ८१ टक्के, दुसरे ७५. एका आठवड्याने विचारलं तेव्हा वाचणाऱ्यांना ४२ टक्के आठवलं आणि आठवून लिहिणाऱ्यांना ५६. सेशनल काही वही मिटल्यावर पाच मिनिटांनी नसते.

तेव्हा पहिलं म्हणजे वर्गात कमी लिही. बोलणारा माणूस मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्द सहज बोलतो आणि आपला हात जेमतेम वीस-पंचवीस लिहितो. ही शर्यत तू हरणारच आहेस आणि ती धावता धावता ऐकायचंही राहून जाणार आहे. पीपीटीवर जे असतं ते बहुतेक पुस्तकात असतंच. पुस्तकात नसतं ते लिही: शिकवणाऱ्याने दिलेलं उदाहरण, 'इथे मुली हमखास चुकतात' असं म्हणून दाखवलेली जागा, फळ्यावर हाताने काढलेली आकृती. कळलं नाही तिथे मोठं प्रश्नचिन्ह काढ. काही सुटलं तर ओळ कोरी सोड, शेजारणीच्या वहीत डोकावत बसू नकोस.

आपल्या वह्यांचा समास दोन बोटांचा, शिक्षकांच्या लाल सहीपुरता. तो पुरणार नाही. पानाचा डावीकडचा तिसरा हिस्सा घडी घालून मोकळा ठेव. कॉर्नेल विद्यापीठात वॉल्टर पॉक नावाच्या प्राध्यापकाने १९५०च्या दशकात ही मांडणी बसवली: डावीकडे साधारण अडीच इंच, तळाला दोन इंच जागा कोरी. इंच मोजू नकोस. मी हे वर्गात सांगितलं की मुली पट्टी घेऊन पानं आखायला बसायच्या आणि तास आखण्यातच संपायचा. तुझा स्वभाव बघता तू रंगीत आखशील, म्हणून मुद्दाम बजावते. घडी पुरे.

डावीकडची जागा प्रश्नांची. त्याच दिवशी संध्याकाळी वर्गातलं एकदा वाचायचं आणि हे कशाचं उत्तर आहे ते शोधून तो प्रश्न डावीकडे लिहायचा. 'ओआरएसचे घटक' हा प्रश्न नाही, ते शीर्षक झालं. 'यातून ग्लुकोज काढून टाकलं तर काय अडेल?' हा प्रश्न. मग उजवी बाजू झाकून तोंडाने उत्तर दे, किंवा पाठकोऱ्या कागदावर लिही. तो कागद नंतर फाडून टाकला तरी चालेल. अडलीस तर प्रश्नाशेजारी एक टिंब दे. तीन दिवसांनी परत विचार, आठवड्याने परत. ज्याच्यापुढे टिंबं जास्त, तो प्रश्न आधी. सगळ्या पानांना सारखा वेळ द्यायची गरज नाही; येतंय ते परत परत वाचण्यात सुख असतं, पण मार्क नसतात. पानाच्या तळाशी आठवड्याने दोन ओळी लिहायच्या, वर न बघता. त्या दोन ओळी जमल्या नाहीत तर पान अजून आपलं झालेलं नाही असं समजावं.

बाबांना एकदा विचार, मागावर नक्षी उठवणाऱ्या जॅकार्डच्या पुठ्ठ्यांवर काय असतं. चादरीवरचा मोर त्या पुठ्ठ्यांवर कुठेच नसतो, नुसती भोकं असतात: इथे हा धागा उचल, इथे तो सोड. मोर दर वेळी मागावर नव्याने विणावा लागतो. तू मात्र पुठ्ठ्यावरच मोर काढत बसली आहेस.

आता तू न विचारलेली, पण मला पत्रभर दिसत राहिलेली गोष्ट: भाषा. माझा अंदाज, तू समजून घेतेस मराठीत, भांडतेस तेलुगूत आणि वही लिहितेस इंग्रजीत. न कळलेलं इंग्रजी वाक्य सुंदर अक्षरात उतरवणं सगळ्यांत सोपं, कारण त्यात कळलं नाही हेसुद्धा कळत नाही. तेव्हा संज्ञा इंग्रजीतच ठेव, स्पेलिंगसह, कारण पेपर इंग्रजीत आहे. पण 'का' आणि 'म्हणून' मराठीत लिही. 'ग्लुकोज नसेल तर त्या दारातून सोडियम आत जात नाही' असं. ऑस्मोलॅरिटीला शुद्ध मराठी शब्द हुडकत बसू नकोस, तीस वर्षांत मीही हुडकला नाही. फक्त आठवड्यातून दोन दिवस एकेक प्रश्न घेऊन, घड्याळ लावून, त्याचं पूर्ण उत्तर इंग्रजीत लिही. वाक्यं साधी असू देत. हा भाग टाळलास तर सगळं कळूनही पेपरात हात अडेल आणि तू म्हणशील मॅडमनी फसवलं.

तेलुगू तर तुझ्याकडचं खास हत्यार आहे, ते वर्गातल्या निम्म्या मुलींकडे नाही. संध्याकाळी आई मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसली की तिच्याजवळ बस आणि आज काय शिकलीस ते तिला तेलुगूत सांग. इंग्रजी शब्दांची सोय तिथे नाही. 'अ‍ॅब्सॉर्प्शन होतं' म्हणून सुटता येणार नाही. आतड्याचं दार, जोडी, मागून येणारं पाणी, सगळं उलगडून सांगावं लागेल. जिथे तू अडखळशील तिथे तुला कळलेलं नाही, इतका तो हिशेब सरळ आहे. आणि आई मध्येच विचारेल, 'मग नुसतं मिठाचं पाणी दिलं तर?' पान कापता कापता विचारलेला तो प्रश्न वहीत डावीकडे लिहून ठेव. पेपर काढणाऱ्यांना याहून चांगला सुचत नाही.

वॉर्डातलं लिहिणं याहून वेगळं आहे आणि दोन्हींची गल्लत करू नकोस. अभ्यासाच्या वहीत कमी लिहायचं. रुग्णाच्या कागदावर वेळ, काय दिसलं, काय दिलं, नाडी किती, सगळं तिथल्या तिथे लिहायचं. तिथे आठवणीवर विसंबायचं नसतं. चूक झाली तर एक आडवी रेघ, शेजारी सही आणि बरोबर नोंद. गिरवायचं नाही, व्हाइटनर लावायचा नाही. स्वतःच्या वहीत 'वाढलं'साठी वर जाणारा बाण काढ, वाटेल ती लघुरूपं कर. रुग्णाच्या कागदावर मात्र रुग्णालयाने मान्य केलेलीच चालतात. इन्सुलिनच्या 'युनिट'साठी नुसतं इंग्रजी यू अक्षर लिहिलं की घाईत कुणी ते शून्य वाचतं आणि १० चे १०० होतात. म्हणून तो शब्द पूर्ण लिहायचा. (आणि तिकडे 'बीडी' म्हणजे औषध दिवसातून दोनदा, हे आईला सांगितलंस का? तिला हसू येईल.)

एप्रनच्या खिशात एक चिमुकली वही असू दे. तिच्यात रुग्णाचं नाव नको, खाट क्रमांकही नको. तो माणूस तुझ्या खिशात बसून घरी यायला नको. 'सिस्टरांनी सलाइनचा वेग कमी का केला?' एवढंच लिही. संध्याकाळी उत्तर शोध आणि प्रश्न मोठ्या वहीत डावीकडे ने.

टॅब नको, निदान मार्कांसाठी तरी नको. हाताने लिहिणारे लॅपटॉपवाल्यांपेक्षा सरस ठरतात, असा २०१४ सालचा एक प्रयोग फार गाजला. २०१९ मध्ये दुसऱ्यांनी तो पुन्हा करून पाहिला तेव्हा फरक तितका ठाम निघाला नाही. म्हणजे पेनात जादू नाही आणि पडद्यात शाप नाही. शब्दन् शब्द उतरवायची सवय तू टॅबवरही घेऊन जाशील, वर हप्ता भरावा लागेल तो वेगळाच.

हायलायटरबद्दल थोडक्यात. २०१३ साली अभ्यासाच्या दहा पद्धतींचा एक मोठा आढावा निघाला. त्यात ओळी रंगवणं आणि परत परत वाचणं तळाच्या गटात होतं. स्वतःला प्रश्न विचारणं आणि अभ्यास दिवसांत विभागून करणं सगळ्यांत वर. हायलायटर टाकून देऊ नकोस, धाकट्या भावंडांना दे.

रात्रीचं फेअर करणं आजपासून बंद. हे तुला जड जाणार, मला माहीत आहे. सुंदर वही ही गरीब घरातल्या हुशार मुलीची पहिली इज्जत असते. खासगी क्लास नसतो, इंग्रजी बोलता येत नाही, पण बाई वही उंच धरून सगळ्या वर्गाला दाखवतात. मीही दाखवल्या आहेत. ज्या मुलींच्या वह्या मी अशा उंच धरल्या, त्यांना आत काय कळलंय ते विचारायचं मात्र राहून गेलं. तेव्हा ही सवय सुटताना थोडं रडू आलं तर येऊ दे. पहिले पंधरा दिवस अभ्यास कमी झाल्यासारखा वाटेल, कारण भरलेली पानं कमी दिसतील. तुझी चित्रकला मात्र वाया घालवू नकोस. आकृत्या काढ, पण पुस्तक मिटून काढ. नंतर पुस्तक उघडून जे चुकलं ते लाल पेनने दुरुस्त कर आणि तो लाल रंग तसाच राहू दे, परत स्वच्छ पान करायचं नाही. आणि अकराला झोप. सकाळच्या ड्युटीला पेंगत उभी राहिलीस तर यातलं काहीच उपयोगी पडणार नाही.

राहिला शेवटचा प्रश्न, वही देणं बंद करू का. नको करू. नव्या पद्धतीची वही त्यांना तशी अर्धीच वाटेल, डावीकडे नुसते प्रश्न बघून कुरकुरतील. खुशाल ने म्हणावं, पण एका अटीवर: परत करताना दोघींनी आपला एकेक प्रश्न डावीकडे लिहून आणायचा, आणि तो असा हवा की तुला तो आधी सुचला नसेल.